सोवळ्यातला कोल्हा

साऱ्या माळव्यात कॉम्प्युटरला सोवळं पाळायला लावणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आमचे आतोबा. सारा माळवा मी पाहिलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी धारला राहतो, देवासला वरचेवर जातो आणि मधलं इंदूर बसच्या खिडकीतून बघतो. पण एवढ्या मुलखात तरी मला असा दुसरा माणूस आढळलेला नाही. उरलेल्या भागात असता तर आतोबांनी त्याला एव्हाना वाद घालायला शोधून काढलं असतं.

आतोबा म्हणजे माझ्या धाकट्या आत्याचे यजमान. कारखाने निघाले तेव्हा नोकरीसाठी महाराष्ट्रातून देवासला आले ते इथलेच झाले. सगळी नोकरी त्यांनी गियर बनवणाऱ्या एका कारखान्याच्या क्वालिटी खात्यात केली. म्हणजे लोकांनी केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. निवृत्तीनंतर पगार थांबला, खोट काढणं थांबलं नाही. भाजीवाल्याच्या गाडीवर ते एकेक भेंडी मोडून पाहतात आणि न मोडणारी बाजूला ठेवून त्याला म्हणतात, "भिया, ये माल रिजेक्ट." भाजीवालाही आता सरावला आहे. तो म्हणतो, "बाबूजी, आपके घर के सिवा पूरा देवास यही खा रिया है." यावर आतोबांचं उत्तर ठरलेलं आहे. "म्हणूनच पूरा देवास डॉक्टरकडे बसलेला असतो." हे ते मराठीत म्हणतात आणि भाजीवाल्याला बरोबर कळतं.

मुलाने त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला आणि त्या दिवसापासून त्यांना नवं खातं मिळालं. इतर लोक आधीपासून असलेल्या ब्राउझरवर काम चालवतात. आतोबांनी पाच आणून बसवले. पाच म्हणजे पाच, मी स्वतः मोजले. त्यांची कंपनीने ठेवलेली नावं ते घेत नाहीत. चित्रावरून त्यांनी आपली नावं दिली आहेत: चकरी, कोल्हा, लाट, सिंह आणि एक नुसतंच लाल कडं. पाचांनाही प्रोबेशनवर ठेवलं. लाट दर दोन दिवसांनी विचारायची, "मला मुख्य ब्राउझर करता का?" आतोबा पडद्याकडे बघून शांतपणे म्हणायचे, "रोज गेटवर उभा राहून 'साहेब, परमनंट करा' म्हणणारा माणूस आमच्याकडे कधी परमनंट झाला नाही." आणि 'नंतर' हे बटण दाबायचे. सिंहाबद्दल त्यांचं मत चांगलं होतं. तो जाहिराती खातो म्हणून. पण तो एकदा बँकेच्या पानाचा तुकडाही खाऊन बसला, आणि आतोबा म्हणाले, खादाडावर तिजोरीचं काम सोपवता येत नाही. लाल कड्याला त्यांनी कारण न देता कमी केलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तोंड आवडलं नाही." क्वालिटी खात्यातसुद्धा, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, निम्मा माल तोंडावरूनच कळायचा.

वेग मोजायची त्यांची रीत मात्र शास्त्रीय होती, असं त्यांचं म्हणणं. कॉम्प्युटरशेजारी चहा ठेवायचा, ब्राउझर उघडायचा आणि पान पूर्ण दिसेपर्यंत चहाचे किती घोट होतात ते पाहायचं. चकरी अर्ध्या घोटात उघडते, कोल्ह्याला पुरता एक घोट लागतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. आकड्यांच्या बाबतीत मला ढिलेपणा खपत नाही, म्हणून मी एकदा हरकत घेतली की घोट हे काही प्रमाण माप नव्हे. चहा कडक गरम असेल तर माणूस लहान घोट घेतो, मग तोच ब्राउझर जास्त घोटांचा, म्हणजे मंद, दिसणार. आतोबांनी माझ्याकडे प्रथमच जरा आदराने पाहिलं. "म्हणून तर मी बशीतून पितो," ते म्हणाले. "बशीत तापमान सारखं राहतं." आतून आत्या म्हणाली, "बाळ्या, त्यांच्याशी हिशेब नको करूस रे. ह्या तपासणीपायी माझं अर्धा लिटर दूध जादा जातं."

पण खरी गंमत सोवळ्याची. तपासण्या आटोपल्यावर आतोबांनी निकाल दिला की घरात एकच ब्राउझर ठेवणं हेच मुळात चूक. स्वयंपाकघरात दुधाचं पातेलं वेगळं, लोणच्याची बरणी वेगळी, देवाची भांडी वेगळी. मग इथेच सगळं एका भांड्यात का? तेव्हापासून कोल्हा हा सोवळ्यातला. त्यात फक्त बँक, पेन्शन आणि विजेचं बिल. तो अंघोळीनंतरच उघडायचा, काम झाल्यावर लगेच मिटायचा, आणि त्यातून दुसरीकडे कुठेही जायचं नाही. चकरी ओवळ्यातली. तीत बातम्या, पाककृती, हवामान, क्रिकेट, काय वाटेल ते चालेल, पण पैशाचं नाव काढायचं नाही. लाट पाहुण्यांसाठी. यात तथ्य अजिबात नाही असं नाही. बँकेचं काम वेगळ्या ब्राउझरमध्ये करावं असं जाणकारही सांगतात. ते फक्त अंघोळीचा आग्रह धरत नाहीत. आत्याला या प्रकाराचं फार हसू येई. "कारखान्यात तेलकट हातांनी डबा खायचे. सोवळं म्हणजे काय ते यांना माझ्या सासूबाई शिकवून थकल्या. आता बिचाऱ्या यंत्राला पाळायला लावतात."

एकदा माझ्या हातून हे सोवळं मोडलं. पायाला मुंग्या येत होत्या म्हणून मी समोर उघड्या असलेल्या कोल्ह्यातच उपाय शोधला. आतोबा मागे येऊन उभे राहिले आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू देव्हाऱ्यात कुणी चपला घालून गेलं आहे. त्यांनी मला उठवलं, कोल्ह्याच्या पोटातलं होतं-नव्हतं तेवढं सगळं पुसून टाकलं, मशीन बंद केलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत त्याला हात लावला नाही. मला नंतर एवढंच म्हणाले, "आजार चकरीत बघत जा, भिया."

त्यांच्याकडे सल्ल्याला लोक येत, हे आणखी एक आश्चर्य. त्यांचे एक जुने सहकारी आता टोंकखुर्दकडे शेती बघतात. ते एकदा सोयाबीनचे भाव पाहण्यासाठी कुठला ब्राउझर टाकावा असं विचारायला आले. आतोबांनी त्यांनाच उलट विचारलं की भाव नुसता बघायचा आहे की माल विकून पैसेही त्यातच घ्यायचे आहेत, दिवसातून किती वेळा बघणार, आणि चहा बशीतून पितो की कपातून. ते गृहस्थ उठले. "रेन दो दादा, मैं तो मंडी में फोन लगा लूँगा." आतोबा मला म्हणाले, "बघ, योग्य निवड केली त्याने."

ही सगळी सोवळ्याची व्यवस्था कोसळली ती माझ्या थोरल्या आत्यामुळे. थोरली आत्या लग्न होऊन साताऱ्याला गेली. आता थकली आहे, आणि वर्षभरापासून माणसं विसरू लागली आहे. त्या आठवड्यात मी कामानिमित्त देवासलाच होतो. एका संध्याकाळी तिच्या सुनेचा फोन आला. "मावशी, अजून तुमचं नाव घेतात त्या. पण रोज काहीतरी कमी होतं आहे. येऊन जा." मग तिने फोन थोरल्या आत्याकडे दिला, आणि पलीकडून आवाज आला, "छबू, जेवलीस का गं?" छबू ही आमची आत्या. फोन ठेवला आणि आत्याने माळ्यावरची बॅग खाली काढायला लावली.

गाडीला नेहमीचं आरक्षण शिल्लक नव्हतं. बसचा रात्रभराचा प्रवास आत्याच्या कमरेला झेपणारा नव्हता. राहिलं तत्काळचं तिकीट. ते आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडतं आणि बघता बघता संपतं. मोबाईलवर काढायला आतोबांचा विरोध. "मोबाईलवर पैसे भरणं म्हणजे चौकात उभं राहून पाकीट उघडणं." एजंटचं नाव काढायचीच सोय नव्हती. म्हणजे कॉम्प्युटर आला, आणि कॉम्प्युटर आला म्हणजे प्रश्न आला की कुठल्या ब्राउझरमध्ये. गाडी बघणं हे ओवळं काम, पैसे भरणं हे सोवळं. आतोबांनी तोड काढली. गाडी चकरीत धरायची, कारण ती अर्ध्या घोटाची, आणि पैसे भरायची वेळ आली की तो पत्ता उचलून कोल्ह्यात नेऊन टाकायचा.

"आतोबा, असं मधेच ब्राउझर बदलता येत नाही," मी म्हणालो. "धागा तुटतो."

"कशाचा धागा? एका मशीनवर कापलेला गियर दुसऱ्या मशीनवर घासायचो की नाही आम्ही?"

"गियर तुम्हाला विसरत नव्हता. हे पान विसरतं."

"तू हिशेब बघ," ते म्हणाले, "मशीन मी बघतो."

सकाळी आतोबा अंघोळ करून, धूतवस्त्र म्हणता येईल असा पायजमा घालून बसले. शेजारी बशी. आत्या फोन हातात घेऊन उभी, ओटीपी आला की वाचून दाखवायला. दहा वाजले आणि चकरी खरोखरच पळाली. गाडी दिसली, जागा शिल्लक दिसल्या, नावं भरली गेली, आत्याने ओटीपी शाळेतल्या कवितेसारखा खणखणीत म्हटला. वेडीवाकडी अक्षरं ओळखायला सांगतात ती आतोबांनी गियरचे दात तपासावेत तशी तपासून बिनचूक भरली. पैशाचं पान आलं. आतोबांनी पत्ता उचलला, कोल्हा उघडला, पत्ता टाकला, आणि कोल्हा त्यांना जन्मात न पाहिल्यासारखा म्हणाला, कृपया लॉगिन करा. धावत चकरीकडे परत आले तर तिथेही वेळ संपलेली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं तेव्हा वेटिंग लागलं होतं.

आत्याने फोन ठेवून दिला. आत गेली आणि मेथी निवडायला बसली. आतोबा दारात जाऊन उभे राहिले. ती मेथीकडेच बघत म्हणाली, "काल तिने मला छबू म्हणून हाक मारली. परवा मारेलच असं नाही, एवढंच."

त्यानंतर दिवसभर आतोबांनी कॉम्प्युटर उघडला नाही. जेवताना भाजीत खोट काढली नाही, यावरून मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं. संध्याकाळी ते माझ्याजवळ येऊन बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "भिया, एक सांग. सगळं कोल्ह्यात केलं तर?"

"चालेल. धागा तुटणार नाही."

"पण तो एक घोटाचा. चकरी अर्ध्याची."

घोट हे माप मला मान्य नाही, हे मी पुन्हा सांगणार होतो. त्यांच्याकडे पाहून सांगितलं नाही. म्हणालो, "मग सगळं चकरीत करा."

"पैसेसुद्धा?"

"पैसेसुद्धा."

ते उठून गेले. आतून आत्याचं, "अहो, जेवणानंतरची गोळी घेतलीत का," ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बाहेर आलो तर आतोबा आधीच कॉम्प्युटरपुढे बसलेले. दाढी केलेली नाही, अंगात रात्रीचाच सदरा. आत्या म्हणाली, "अहो, अंघोळ?"

"तिकीट मिळू दे. मग करतो."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. पन्नाशी उलटलेल्या संसारात तिने हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं असावं. चकरी उघडी होती. ती एरवीसारखी मधेमधे विचारत होती, हे लक्षात ठेवू का, ते साठवून ठेवू का. ज्या प्रश्नाला आतोबांनी आजवर "तुला काय करायचंय" याशिवाय उत्तर दिलं नव्हतं, त्याला ते आज प्रत्येक वेळी "ठेव बाई, ठेव" म्हणत होते. दोघांची नावं, वयं, कार्डाचा नंबर, सगळं त्यांनी आधीच तिच्या पदरात घातलं होतं. दहा वाजले, आत्याने ओटीपी म्हटला, अक्षरं ओळखली, आणि पैसे ओवळ्यातून थेट गेले. पडद्यावर कन्फर्म ही अक्षरं आली. एक बर्थ खालची, एक वरची.

"खालची तुझी," आतोबा म्हणाले. मग शेजारच्यांकडे गेले, समोरच्यांकडे गेले, भाजीवाल्याला थांबवून त्यालाही सांगितलं आणि त्या भरात त्याच्याकडून एकही न मोडता पाव किलो भेंडी घेऊन आले. त्यातली निम्मी जून निघाली. आत्या भेंडी चिरता चिरता इतकी हसली की सुरी खाली ठेवावी लागली.

ते दोघं परत आल्यावर काही दिवसांनी मी पुन्हा देवासला गेलो. आतोबा बाहेर गेले होते. मी आत्याला विचारलं, थोरल्या आत्याने ओळखलं का.

"तसं नाही ओळखलं," आत्या म्हणाली. "मला शेजारची कुणीतरी समजत होती. एकदाच, निघताना, माझे केस कानामागे सारले आणि म्हणाली, वेणी नीट घालत जा. लहानपणी असंच म्हणायची." मग तिला हसू आलं. "पण यांच्याशी तिचं फार जमलं रे. तिथे होतो तेवढे दिवस ती सारखी विचारायची, कधी आलात, गाडीत जागा मिळाली का. की हे सुरू. चकरी काय, कोल्हा काय, पहिल्या दिवशी तिकीट कसं गेलं, दुसऱ्या दिवशी अंघोळ कशी राहिली. ती टाळ्या वाजवून हसायची. मग विसरायची आणि पुन्हा विचारायची, जागा मिळाली का. हे पुन्हा पहिल्यापासून. एक शब्द गाळायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, अहो, जरा थोडक्यात सांगा. तर म्हणाले, थोडक्यात कशाला, ती पहिल्यांदाच ऐकते आहे."

एवढ्यात आतोबा आले. पुढच्या महिन्यात पुन्हा साताऱ्याला जायचं म्हणत होते. मी गमतीने विचारलं, "या वेळी नवीन काय सांगणार तिला?"

आतोबांनी चष्मा पुसला. "नवीन कशाला?" ते म्हणाले. "हीच गोष्ट सांगेन. तिला आवडली होती."