धुराला विचारा

"मला नका विचारू, धुराला विचारा," असं म्हणत काका खिशातून उदबत्ती काढायचे.

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका आर्किटेक्टच्या ऑफिसात आम्ही दोघं होतो. ते नकाशे काढायचे, मी टायपिस्ट. अंबरनाथ-बदलापूरकडे तेव्हा शेतं संपून बिल्डिंगा उगवत होत्या. ओळखीतलं कुणी फ्लॅट बुक करणार असलं की रविवारी काकांना सोबत न्यायचं. रिकाम्या खोलीत ते मधोमध उकिडवे बसत, उदबत्ती पेटवत आणि धूर कुठे जातो ते बघत. बाहेर गेला तर घर चांगलं. घुटमळला तर म्हणायचे, "इथं माणूस पण असाच घुटमळंल."

बिल्डरची माणसं मात्र उदबत्ती दिसली की चपला काढून हात जोडायची. एकाने तर नारळ आणला. काका घरी बुद्धाच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावणारे. नारळ त्यांनी वॉचमनच्या बायकोला देऊन टाकला. "अहो, पूजा नाही ही, हवा बघतोय," हे त्यांनी किती वेळा सांगितलं असेल, तुम्हीच विचार करा.

माझ्या ताईने बदलापूरला फ्लॅट घेतला. भावोजींना दमा. बिल्डिंगचा नकाशा काकांच्याच हातचा, पण त्यांनी काढलेली स्वयंपाकघराची खिडकी बिल्डरने विटांनी बुजवून टाकलेली. काका बिल्डरशेठना अर्धा तास समजावत होते. शेठ म्हणाले, "हवा का क्या है साहेब, पंखा लावा ना."

मला राहवेना. वास्तूचं वेड तेव्हा नुकतंच पसरत होतं. मी काकांच्या कानात म्हणालो, "वास्तुदोष आहे म्हणा."

त्यांनी नवी उदबत्ती पेटवली. मग उदबत्तीकडे बघतच म्हणाले, "शेठ, या भिंतीत दोष आहे."

"अरे, पहले बोलने का ना!"

दुसऱ्याच दिवशी भिंत फुटली. ताईचीच नव्हे, साऱ्या मजल्यांवरची.

फुटलेली भिंत बघून परतताना मी हसत होतो. ते हसले नाहीत. "वीस वर्षं खरं सांगितलं, एक वीट हलली नाही," एवढंच बोलले. पुढे बिल्डर त्यांना शोधत ऑफिसात यायला लागले. "मी वास्तुवाला नाही," म्हणून ते प्रत्येकाला परत पाठवायचे. रविवारचं जाणंही त्यांनी बंद केलं. चूक माझी होती, पण तसं त्यांना मी कधी म्हणालो नाही.

त्यांच्या खोलीवर पहिल्यांदा गेलो तो ते गेल्यावर. एकच खिडकी, आणि तिला खेटून मागच्या कारखानावाल्याने उभी केलेली भिंत.

"काका काही बोलले नाहीत त्याला?" मी काकूंना विचारलं.

"धा वेळा सांगून आले, हवा अडते म्हणून. त्यो कुठला ऐकतोय! दारात लिंबू-मिरची टांगणारा माणूस. मी म्हनलं, दोष हाय म्हना, लगेच पाडंल. तर म्हनले, एकदा बोललो, आता परत नाय."

मी त्यांच्या फोटोपुढे उदबत्ती लावली. धूर सरळ वर गेला, पत्र्याखाली साचला आणि तिथेच राहिला.