माशाच्या कानातले खडे

माशाच्या कानात खडा असतो. तांदळाच्या कणीएवढा. झाडाच्या खोडात असतात तशी त्यात वर्षांची वलयं असतात. ती मोजली की माशाचं वय कळतं. ऐंशीच्या दशकात आमच्या लखनौच्या प्रयोगशाळेत दक्षिण ध्रुवाकडचे तीन मासे आले, तेव्हा ही मोजणी माझ्याकडे आली.

समुद्राच्या तळाशी पडून राहणारा मासा. पोटात हवेची पिशवी नाही, म्हणून तरंगत नाही. रक्तात बर्फ होऊ न देणारं प्रथिन. त्या गारठ्यात वाढ इतकी सावकाश, की वीतभर मासाही म्हातारा असू शकतो.

चाचा म्हणजे आमचे हंगामी मदतनीस. बरण्या पुसताना म्हणायचे, "साहब, उम्र भर बरफ में रहे बेचारे, और मरके आए लखनऊ की लू में!" दर संक्रांतीला ते अलीगंजला आमच्याकडे तिळगुळासाठी येत. त्या वर्षी ते नोकरीत कायम होणार होते.

मासे टिकावेत म्हणून बरणीत भरतात ते फॉर्मॅलिन आम्लधर्मी असतं. त्यात टाकणखार घातला नाही तर खडे विरघळतात. घालायचं काम माझं होतं आणि मी विसरलो. बरणीवरच्या चिठ्ठीत मात्र 'घातला' असं आधीच लिहून ठेवलं होतं. हे आज पहिल्यांदाच सांगतोय.

उन्हाळ्यात डोकी उघडली. तिन्ही माशांत खड्यांच्या जागी चुन्यासारखी भुकटी. प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी चिठ्ठी वाचली.

"फिर ये हुआ कैसे?"

बरणीतली पातळी उतरली की चाचा वरून भर घालत. मी म्हणालो, "चाचा ने कुछ और डाल दिया होगा." 'होगा' म्हणालो. खात्रीनं बोललो नाही, एवढीच काय ती लाज राखली.

चाचांना काढलं. संक्रांतीला बायकोनं विचारलं, "अहो, चाचा नाही आले ते?"

"गावी गेलेत."

पुढे एकदा सब्जीच्या ठेल्यापाशी तेच समोर आले. तक्रार नाही, काही नाही. पहिला प्रश्न, "साहब, मछली की उम्र निकली?"

"नहीं, चाचा."

ते हातातल्या पिशवीकडे बघत राहिले. "हमसे ही गलत पड़ गया होगा. आँख से अब दिखता कहाँ है."

तेव्हा बोलायला हवं होतं. भर दुपारची वेळ, ओळखीचं कुणी नाही. मी म्हणालो, "हो जाता है, चाचा."

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि मला हात जोडले.