गप्प राहील ती तलंग

“गप राहील ती तलंग, वरडंल तो कोंबडा,” ठाण्याच्या बाजारातली ती आगरी बाई एका गिऱ्हाइकाला सांगत होती. कोंबडीचं पिल्लू पाय धरून उलटं टांगायचं, क्षणभर कान द्यायचा आणि न्यायाधीशासारखा निकाल द्यायचा, ही तिची रीत होती.

टायफॉईडमधून उठलेल्या माझ्या भावाला डॉक्टरांनी रोज अंडं द्यायला सांगितलं होतं. म्हणून मागे मी तिच्याकडून दोन गप्प तलंगा नेल्या होत्या. दोघी झकास वाढल्या आणि पहाटे आरवू लागल्या. भाऊ अजून भिंत धरूनच चालत होता.

तक्रार मनात घोकून मी तिच्या पाटीसमोर उभी राहिले, पण तोंड उघडेना. तिनं शेजारच्या भाजीवालीला कोपरानं ढोसलं.

“ही बाय बग. किती येल उभी हाय, पन शबूद नाय. हिला टांगायला पन नको.”

दोघी खळखळून हसल्या. मलाही हसू आलं, ते मी रुमालात लपवलं.

तिनं एक पिल्लू टांगलं. ते मुकाट लोंबकळलं. “घे गो, तलंग.” दुसऱ्यानं मात्र बाजार डोक्यावर घेतला. तिनं ते नाक मुरडून बाजूला टाकलं.

“मावशी,” मी म्हणाले, “मला ते ओरडणारंच द्या. अंडी हवीत.”