न विरजलेलं दूध

दही लागलं नाही तेव्हा मी थंडीला दोष दिला. आमच्या गोदाकाठाला पौषात पहाटे नळाचं पाणीही बोचतं, त्यामुळे विरजण उशिरा लागणं नवीन नव्हतं. पातेलं घोंगडीत गुंडाळून पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं तर दूध तसंच. पातळ, पांढरं, गोड. चमचाभर दही तळाशी बसलेलं, टाकलं होतं तसं. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. आंबलं नाही, नासलं नाही, वास बदलला नाही. दूध म्हटलं की ते काहीतरी करतंच. दोन दिवस गप्प बसलेलं दूध मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

धाकटी जाऊ पातेल्यात वाकून म्हणाली, "ताई, कुणाची तरी नजर हाय ही."

"नजर लागली तर दूध नासतं. हे टिकलंय."

"तेच तर. टिकलं कसं?"

प्रश्न बरोबर होता. जरा डोकं चालवल्यावर उत्तरही सापडलं.

आमच्या सहा गाई. त्यातल्या तांबडीला दगडी झाली होती, म्हणजे कास सुजून दगडासारखी घट्ट आणि दुधात गाठी. त्यावर सडात सोडायच्या अँटिबायोटिकच्या ट्यूबा मिळतात. त्या मी स्वतःच सोडायचे, कारण जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं की यायला त्याला दुपार होते. औषध चालू असेपर्यंत त्या गाईचं दूध डेअरीला चालत नाही. ते आम्ही घरी वापरायचो. सगळ्या गावाची हीच रीत. दूध ओतून देणं म्हणजे पाप, आणि डेअरीला चालत नाही ते घरच्यांना चालतं. चहाला, खिरीला, दह्याला. विरजण मी तांबडीच्याच दुधाला लावलं होतं. सडातलं औषध दुधात उतरलं आणि त्याने विरजण मारलं.

हे जावेला समजावलं. तिने पातेल्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे. "मग आपल्या आत काय काय मेलं असंल?"

"आधी पातेलं घास," मी म्हटलं.

गावात आणखी एक रीत आहे. पहिलारू गाय, म्हणजे पहिल्या वेताची, व्याली की तिची पहिली धार हातगुण असलेल्या बाईने काढायची. मग गाय पुढे लाथ मारत नाही, पान्हा चोरत नाही. आमच्या वस्तीवर ती बाई मी होते. हातगुण वगैरे मी मानत नाही. माझी बोटं लांब आहेत आणि मी गाईवर ओरडत नाही, एवढंच. पण बोलावणं आलं की जायचे, आणि जाताना उरलेल्या ट्यूबा पिशवीत टाकायचे. ट्यूबा उरायच्याच, कारण दूध स्वच्छ दिसायला लागलं की मी औषध थांबवायचे. बऱ्या झालेल्या गाईला औषध कशाला? कुणा दुसऱ्याच्या गाईला उपयोगी पडेल. याबद्दल गावात माझं कौतुक व्हायचं आणि मला ते आवडायचं.

तांबडीची ती दगडी त्या हिवाळ्यातली तिसरी. या खेपेला ट्यूबांनी काहीच फरक पडला नाही. डॉक्टर आला, दुधाचा नमुना बाटलीत घेऊन गेला. त्याच आठवड्यात घास कापताना विळा माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाला लागला. नखाच्या कडेला तांदळाएवढी चीर. हळद दाबली आणि संध्याकाळी सगळ्या गाईंच्या धारा काढल्या, तांबडीचीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी बोट सुजलं. गावातल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. मग दुसऱ्या गोळ्या दिल्या. मग इंजेक्शनं. बोट वर चकचकीत झालं आणि आतून घट्ट. डाव्या हाताने चाचपलं की हाताला ओळखीचं लागायचं. एकदा मी चाचपतच राहिले आणि मग लक्षात आलं, तांबडीची कास अशीच लागते.

नाशिकला गेलो. तिथल्या सर्जन बाई माझ्या पुतणीच्या वयाच्या होत्या. त्यांनी पू काढून तपासायला पाठवला, माझ्या आणि आमच्या ह्यांच्या नाकात कापसाची काडी फिरवून तीही पाठवली, आणि मला दाखल करून घेतलं.

"रिपोर्ट आला की नेमकं औषध सुरू करते," त्या म्हणाल्या. "त्यानंतर चार दिवसांत सूज उतरली नाही तर वरचं पेर काढावं लागेल. नाहीतर ते हाडातून वर चढेल."

"पेर गेलं तर धार काढता येईल?"

"मावशी, आधी हात वाचवू."

सलाइन लावून पडून राहणं मला जमत नाही. मी खाटेजवळच्या टेबलावरचे डाग पुसले, शेजारणीला तिच्या गोळ्यांच्या वेळा लावून दिल्या. दोन दिवसांनी हे डबा घेऊन आले. डब्याच्या पिशवीत एक घडी घातलेला कागद होता, तो त्यांनी टेबलावर ठेवला. तेवढ्यात सर्जन बाई आल्या. त्यांनी तो उचलला आणि सरळ खालचा तक्ता वाचायला लागल्या. एका रकान्यात औषधांची नावं, समोर इंग्रजी आर. आर म्हणजे ते औषध त्या जंतूला मारत नाही, हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. त्यांचं बोट वरून खाली सरकत गेलं. आर, आर, आर, आर.

"हं, हेच आहे," त्या म्हणाल्या. "मी सकाळी कॉम्प्युटरवर बघितलं तेच. तुमच्या बोटाला यातली खालची दोनच औषधं चालणार आहेत."

हे घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, तो तांबडीचा हाय."

"तांबडी कोण?"

"गाय."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदाची वरची बाजू पाहिली. तिथे छापलं होतं, नमुना: दूध. मग त्यांनी फाइलमधून माझा रिपोर्ट काढला आणि दोन्ही कागद माझ्या पांघरुणावर शेजारी शेजारी ठेवले. जंतूचं नाव तेच. औषधांचा क्रम थोडा पुढेमागे होता, पण ज्याच्यापुढे तिथे आर, त्याच्यापुढे इथेही आर. एका कागदावर गाय होती, एका कागदावर मी, आणि वरचा भाग झाकला तर कुठला कुणाचा ते मला सांगता आलं नसतं.

"नाकाचेही रिपोर्ट आलेत," बाई म्हणाल्या. "तुमच्यात तेच आहे. काकांच्यातही."

"मला तर साधी सर्दी पण नाय," हे म्हणाले.

"त्रास नाही देत. नुसतं राहतं. चीर मिळाली की आत शिरतं, आणि हात लागेल तिथे जातं."

हे आपल्या हातांकडे बघत बसले. त्या दिवशी त्यांनी मला डब्यातला घास भरवला नाही, चमचा माझ्या डाव्या हातात दिला. मीही त्यांच्या हातांकडेच बघत होते.

ते गेल्यावर मी दिवाळीपासूनच्या पहिल्या धारा आठवल्या. चार गोठे. जावेला फोन करून विचारलं, कुणाकुणाच्या गाईला दगडी आहे? तिने तीन घरं सांगितली. तिन्ही माझ्या चारातली. "तीन घरी सारखंच हाय बघा ताई, लय ट्यूबा झाल्या पण दगडी हटंना." मी आधी ज्या घरी गेले होते तिथे आधी झाली होती, नंतर गेले तिथे नंतर. जणू मी पिशवी घेऊन पुढे चालले होते आणि माझ्या मागून कुणीतरी तेवढीच पावलं टाकत येत होतं. मागून नाही. माझ्याच हातावर बसून.

"आणि शेजारच्यांची पहिलारू आठपंधरा दिवसांत व्याती," जाऊ म्हणाली. "त्या वहिनी तुमचीच वाट बघत हायेत."

नवं औषध सुरू झाल्यापासून चौथ्या दिवशी सूज मनगटाकडून मागे सरली, पण वरचं पेर काळं पडलं होतं. ते काढलं. उरलेलं बोट राहिलं. घरी आले तोवर तांबडीचं ते सड डॉक्टरने कायमचं आटवलं होतं. तिच्याजवळ मी गेले नाही. तिने लांबूनच ओळखून मान हलवली.

शेजारची गाय व्याली, त्या सकाळी शेजारी दारात उभा. "चला वहिनी."

मी पट्टी दाखवली.

"बाकीची नऊ हायेत ना!"

"ऐक. ज्या तीन घरी दगडी हटत नाही, तिथे ती माझ्या हाताने गेलीय. रिपोर्ट आहे माझ्याकडे."

तो हसला. "काय बोलता! तुमच्या हाताला गुण हाय."

तो जाईना, म्हणून नाकातोंडाला रुमाल बांधून मी गेले आणि गोठ्याच्या दाराबाहेर उभी राहिले. त्याच्या बायकोला कोपरापर्यंत साबणाने हात धुवायला लावले, कास धुऊन कोरडी करायला लावली. वासरू सड लुचून बाजूला झालं. ती खाली बसली. पहिल्याच धारेला गाईने लाथ मारली. बादली कलंडली आणि पिवळा चीक उताराने माझ्या पायाकडे आला. मी पाय मागे घेतला.

"बघा," ती कपाळ पुसत म्हणाली. "तुम्ही असता तर नसती मारली."

"पुन्हा बस," मी म्हटलं. "पुन्हा हात धू आणि पुन्हा बस."

ती बसली. गाईने पुन्हा मारली. मी दाराबाहेरच उभी राहिले.

तिचं म्हणणं खरं होतं. मला लाथ मारली नसती. त्या चारही गोठ्यांत, मी सडांना हात लावला तेव्हा, गाई अगदी शांत उभ्या राहिल्या होत्या.