आप्पांची शाई

आमच्या आप्पांची सगळी हयात छापखान्यात गेली. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं. छापखाना बंद पडला तेव्हा त्यांनी काळ्या शाईचा एक डबा घरी आणला आणि पलंगाखाली ठेवून दिला. मी म्हटलं, "याचं काय लोणचं घालायचंय?" ते नुसते हसले.

मग डोळ्यांचा पडदा खराब झाला. बारीक अक्षर गेलं. मोबाईलच्या उजेडाने डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. वाचून दाखवते म्हटलं, तर म्हणायचे, "कीर्तन नकोय मला, पेपर हवाय." म्हणून मी प्रिंटर घेतला. रोज सकाळी बातम्या ठळक, बोटभर उंचीच्या अक्षरांत छापून द्यायची. आप्पा इंदिरानगरच्या आमच्या गॅलरीत बसून दुपारपर्यंत ती पानं पुरवून पुरवून वाचायचे. तेवढाच त्यांचा दिवस होता.

प्रिंटर स्वस्त मिळाला, पण शाईने जीव घेतला. एवढीशी डबी, काड्यापेटीएवढी, आणि दोन डब्यांत नवा प्रिंटर यावा असा भाव! त्यात एकदा रंगीत शाई संपली, तर मेल्याने काळंही छापायचं बंद केलं. अरे, मला कुठे इंद्रधनुष्य छापायचंय? मी दुकानदाराला फोनवर उभा आडवा घेतला. "चोर आहात नुसते! आम्ही काय शाई पितो का घरात?" आप्पा गॅलरीत होते. डोळे गेले तरी कान शाबूत होते त्यांचे.

दोन दिवसांनी शाळेत शिकवून घरी आले तर घरभर टर्पेंटाईनचा वास. आप्पा फरशीवर मांडी घालून बसलेले, पुढे तो जुना डबा. छापखान्याची घट्ट शाई त्यांनी पातळ केली होती आणि स्वतःच्या इन्सुलिनच्या सिरिंजने, चाचपून चाचपून, डबीत भरली होती. कोपरापर्यंत हात काळे. चेहरा मात्र असा, जणू लेकीसाठी शेतच नांगरून आलेत.

"शाई ती शाई गं. आयुष्यभर दुसरं काय केलं मी? आता वर्षभर बघायला नको."

प्रिंटर घरघरला, एक काळा ओघळ कागदावर सांडला आणि कायमचा बंद पडला. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं, नाकाला रुमाल लावला आणि परत मिटलं.

मी नवा प्रिंटर आणला. पान छापून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, मग घडी घालून मला परत दिलं. "नाही दिसत गं आता."

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी थेंब घातले, यंत्रातून बराच वेळ पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "काही बदल नाही. मागच्यासारखंच दिसतंय त्यांना. वाचायला द्या, बरं वाटेल."

रिक्षात मी आप्पांचा हात धरला. "आप्पा, डॉक्टर म्हणतात, दिसतंय तुम्हाला."

"डॉक्टरला म्हणायला काय जातंय? शाईचे पैसे तुला भरावे लागतात."

मला रडू फुटलं आणि रागही आला. "मग करणार काय दिवसभर?"

"बसेन," ते म्हणाले.