चालते व्हा

आयुष्यात माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या, पण त्या सगळ्या झाकता आल्या. आमटी खारट झाली तर बटाटा टाकता येतो, ब्लाउज आखूड झाला तर पट्टी लावता येते. एकच चूक झाकता येईना. ती जाड लोखंडी पत्र्यात कापलेली आहे, अक्षरं माझ्या कमरेएवढी उंच आहेत, आणि दिवेलागणीला तिच्यामागे दिवे लावतात, म्हणजे कुणाला दिसायची राहू नये.

पहिल्यापासून सांगते.

आमच्या यांची नोकरी पंपांच्या कंपनीत. पुण्यात कामगाराच्या घरी कारखान्याला कारखाना कुणी म्हणत नाही, कंपनीच म्हणतात. कंपनीच्या भिंतीला लागून कामगारांची वसाहत होती, तिथे दोन खोल्यांत माझा संसार झाला. भिंतीच्या पलीकडे जुनं गाव. ते महापालिकेत येऊन जमाना झाला, तरी तिथली माणसं अजून मंडईत निघाली की "पुण्याला जाऊन येतो" म्हणतात. त्या गावातल्या आक्का आम्हाला दूध घालायच्या. कंपनी उभी राहिली ती त्यांच्या सासऱ्यांच्या ज्वारीच्या रानावर. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी पातेल्यात दूध ओतता ओतता सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "पर त्येचा राग दुधात न्हाई हं वैनी. दूध चोख हाय."

पुढे कंपनी बंद पडली. यंत्रं गेली, माणसं पांगली, आणि एवढी मोठी जागा नुसती पडून राहिली. पुढच्या गेटला हे एवढं कुलूप आणि मागच्या भिंतीला दोन भगदाडं, एक गावाकडे, एक वसाहतीकडे. ज्याने कुलूप लावलं त्याला भगदाड माहीत नव्हतं, आणि आम्हाला भगदाड माहीत असल्यामुळे कुलपाशी काही घेणंदेणं नव्हतं. डॉक्टरांनी आम्हा दोघींनाही चालायला सांगितलं होतं. मला साखरेमुळे, आक्कांना गुडघ्यांमुळे. बाहेर रस्त्यावर चालायचं म्हणजे दुचाकीवाल्यांच्या मेहेरबानीवर. म्हणून संध्याकाळी पाचला आक्का गावाकडच्या भगदाडातून आत यायच्या, मी इकडच्या. हातात काठी, कारण आत एक धामण राहायची. मधल्या शेडपाशी भेटायचो, पावसाळ्यात भाजीसाठी टाकळा खुडायचो, आणि सुनांविषयी बोलायचो. ते घरी बोलता येत नाही. अशी आम्ही दहा-बारा वर्षं रोज त्या ओसाड जागेत चाललो, इतकी की गवतात आमच्या दोघींची एक वाट पडली.

मग जागा विकली गेली आणि एक दिवस मोठमोठी यंत्रं आली. आधी इमारत नाही, काही नाही, नुसती माती खरवडत बसले. कंपनीचं तेल जमिनीत मुरलंय, म्हणून माती काढून धुवून घेतात, असं कळलं. आक्कांनी तोंडाला पदर लावला. "आमी वांगी धुतो, ह्ये माती धुत्यात. आता पाणी कशानं धुतील बया?"

कंपनीतल्या जुन्या कामगारांच्या घरांना पहिला मान होता, म्हणून माझ्या मुलाने तिथे घर घेतलं. तो मला मोबाईलवर चित्रं दाखवायचा. गाड्या सगळ्या गेटाजवळ जमिनीखाली, आत फक्त चालायचं. जुन्या शेड तशाच ठेवून त्यात भाजीवाले. झाड एकही तोडायचं नाही. पावसाचं पाणी मुरवायला खळगे. आणि गावापासून मोठ्या रस्त्यापर्यंत मधून एक वाट, ती सर्वांना खुली, कारण महापालिकेने तशी अटच घातलेली.

"आई, वॉकेबल आहे सगळं. दूध, भाजी, दवाखाना, बस, दहा मिनिटांच्या चालण्यावर."

"मग आधी कशावर होतं?" मी विचारलं.

त्याने मोबाईल खिशात ठेवला.

या प्रकल्पावर एक आर्किटेक्ट मुलगी होती. वाढलेली बेंगळुरूला, घरी बोलण्यापुरती मराठी, पण स्वभावाने फार गोड. आम्ही दोघी कुठून कुठे चालतो ते ती आमच्या मागे चालून बघत असे. धामणीलाही तिने नकाशात घेतलं होतं. आणि खरं सांगते, नवीन वाट तिने बरोबर आमच्या वाटेवरूनच नेली, शेडपाशी आम्ही वळायचो तिथे ती वळते. आक्का त्या वाटेवर फरशा बसल्या तेव्हा म्हणाल्या, "आपलीच वाट हाय, फकस्त अंगुळ घालून आणल्यागत दिसतीय." रान गेलं त्याला किती वर्षं झाली, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की आक्कांना त्या जागेतलं काहीतरी परत मिळालं.

आता माझं शुद्धलेखन. मी शाळेत चौथीपर्यंत गेले. पुढचं सगळं मुलाच्या पुस्तकांवर, तो झोपल्यावर आणि कधी कधी तो पेपर लिहून आल्यावर. आणि मला ऱ्हस्व-दीर्घाचं वेडच लागलं. वसाहतीत फळ्यावर सूचना लागली की मी खडू घेऊन जायची. 'पाणि येणार नाही' असं लिहिलेलं मला बघवत नसे. पाणी न येण्याचं दुःख वेगळं, पण निदान दीर्घ तरी यावं. युनियनच्या मोर्चाचे फलकसुद्धा माझ्या हातून सुटले नाहीत. त्यामुळे वसाहतीत माझा एक दरारा होता, आणि तो मुलाने नको तिथे सांगितला.

एक दिवस ती मुलगी कागद घेऊन आली. "आजी, गेटवरच्या बोर्डाचं मराठी चेक करून द्या ना प्लीज. पत्रा कटिंगवाला आजच मागतोय."

कागदावर दोन शब्द. मी चष्मा लावला, खिडकीपाशी गेले. पहिला शब्द 'चालते'. तो बरोबर. दुसरा 'वहा'. मी मनात म्हटलं, काय ही पोरं, साधं जोडाक्षर येत नाही. पेन घेतलं, 'वहा' खोडलं, आणि सुंदर अक्षरात लिहिलं 'व्हा'. खाली बारीक सहीसुद्धा केली.

अर्थ? अर्थ मी बघितलाच नाही. मटार सोलताना आपण दाणा किडका आहे का एवढंच बघतो, उसळ कशी होईल ते कुठे बघतो!

आम्ही नव्या घरात राहायला आलो आणि गेटवर पाटी लागली. कंपनीच्या जुन्या टाकीच्या पत्र्यातून कापलेली, मुद्दाम गंजवलेली. सोसायटीच्या पूजेच्या दिवशी सकाळी मी नवी साडी नेसून खाली आले, तर पाटीसमोर एक पेन्शनर गृहस्थ हाताची घडी घालून उभे. त्यांनी मोठ्याने वाचलं, "चालते व्हा." मग मान डोलावली. "बरोबर आहे. उगाच 'सुस्वागतम्' वगैरे खोटं बोलण्यापेक्षा हे बरं."

दुसरे एक म्हणाले, "अहो, पण आपण घर घेतलंय इथे."

"म्हणून तर आपल्याला 'अहो' करून सांगितलंय. भाडेकरू असतो तर 'चालता हो' लिहिलं असतं."

कागद डोळ्यांसमोर आला. तो 'वहा' नव्हता, 'रहा' होता. चालते रहा. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, तो मी घरात कुणाला सांगितला नव्हता, आणि त्या मोतीबिंदूने 'र'चा 'व' केला. धड दिसलं असतं तर मी 'राहा' केलं असतं, नाहीतर 'चालत राहा' असं नीट मराठीच लिहून दिलं असतं. पण माझ्या डोळ्याने घात केला आणि माझ्या हुशारीने त्यावर सही केली.

मजा म्हणजे कुणी पाटी काढा म्हणेना. पुण्यात गेटवर अपमान लिहिलेला असणं हे लोकांना नवीन नाही. उलट जागा खानदानी वाटते. पोरंपोरी पाटीसमोर फोटो काढायला कर्वेनगर, कात्रजवरून येऊ लागली. जेवताना मुलगा म्हणायचा, "ज्याने हे लिहिलंय ना, त्याला एकदा भेटायचंय मला." मी त्याला आमटी वाढायची.

मला चैन पडेना ते वेगळ्याच कारणाने. पाटी लागल्यापासून आक्का आल्या नव्हत्या. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. मी पाचला शेडपाशी जाऊन बसे आणि सहाला एकटीच परत येई. फोन केला तर "पाय दुखत्यात" म्हणाल्या. मग भाजीवाल्याने सांगितलं, आक्का रोज दवाखान्यात जातात, पण बाहेरच्या मोठ्या रस्त्याने, वळसा घालून. त्या रस्त्याला फुटपाथ म्हणून जे आहे त्यावर पाणीपुरीची गाडी, विजेच्या डीपीचा खांब आणि कुणाची तरी बुलेट आहे. आणि आदल्या दिवशी एका स्कूटरचा आरसा आक्कांच्या दंडाला लागून औषधांची पिशवी रस्त्यावर सांडली होती.

मी आधी त्या मुलीकडे गेले. सगळं कबूल केलं. तिने डोळे मोठे केले, मग हसू दाबलं. "आजी, मला वाटलं काहीतरी ओल्ड मराठी असेल! पण पत्रा कापून झालाय. आणि मार्केटिंगवाले म्हणतात, टच करू नका, व्हायरल झालंय."

तशीच निघाले आणि आक्कांच्या घरी गेले. त्यांचं आता तीन मजल्यांचं घर आहे, वरती आयटीतली पोरं भाड्याने. आक्का दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. दंड काळानिळा.

"आक्का, येत का नाही?"

"कशाला येऊ?" त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मला वाचाया येत न्हाई, पर नातसुनंनं वाचून दावलं. सासऱ्यास्नी उभ्या पिकातनं चालतं केलं, तवा निदान साहेब सोता आला व्हता सांगाया. च्या पिऊन गेला. आता पाटीवरच उरकलं. एक माणूस बी वाया घालवला न्हाई आमच्यावर."

मनात आलं, म्हणावं की मार्केटिंगवाल्यांनी लिहिलंय. आक्कांना कुठे कळणार होतं? पण तो दंड समोर दिसत होता.

"आक्का, ते मी लिहिलंय."

आता त्यांनी बघितलं. मी सगळं सांगितलं. कागद, र, व, पेन, सही. बोटाने त्यांच्या ओट्यावरच्या धुळीत अक्षरं काढून दाखवली. "हा र. हा व. व ला पोट असतं, र ला नसतं."

"मग नसल्यालं पोट तुमाला कसं दिसलं?"

"मोतीबिंदू आहे."

"घरी म्हाईत हाय?"

"नाही."

"शानी बाई," आक्का म्हणाल्या. मग वाकून धुळीतली ती दोन अक्षरं बघितली, आणि एकदम अशा हसल्या की वरच्या मजल्यावरचा आयटीवाला कानातले हेडफोन काढून खाली डोकावला. "म्हंजी कंपनीनं न्हाई हाकललं? तुमी हाकललं?"

"हो."

"मग आदी सांगायचं की! मला वाटलं मालकानं हाकललं, म्हणून मानानं बाजूला झाले. तुमी कोन हाकलनार वो मला? तुमचं काय हाय तिथं?"

"मुलाचा फ्लॅट," मी बारीक आवाजात म्हटलं.

"चौथ्या मजल्यावर! खालची जमीन आमची व्हती." असं म्हणून त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला, आणि चहा येईपर्यंत मला इतकं सुनावलं, इतकं सुनावलं, की माझ्या सासूबाईंना वर समाधान वाटलं असेल. चहा पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "डोळ्याचं पोराला सांगा. न्हाईतर मी येऊन सांगते."

दुसऱ्या दिवशी पाचला मी गेटाशी जाऊन उभी राहिले. आक्का लांबूनच दिसल्या, गुडघ्यावर हात देत देत, पण इस्त्रीचं लुगडं नेसून. पाटीपाशी थांबल्या. खालपासून वरपर्यंत बघितलं. एक एक अक्षर बघून 'व' शोधला, त्याच्या पोटात बोट घालून बघितलं, आणि गंजाने लाल झालेलं बोट माझ्या पदराला पुसलं.

वॉचमन नवीन होता. वाट सगळ्यांना खुली आहे हे त्याला कुणी सांगितलं नसावं. तो पुढे आला. "आजी, कुणाकडे जायचंय?"

आक्कांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या बाईकडं."

"ह्या कोण तुमच्या?"

"हिनं मला चालती हो म्हणलंय," आक्का म्हणाल्या.

वॉचमनने माझ्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, परत आक्कांकडे. "मग?"

"मग काय मग? म्हणून तर आले. सरक बाजूला."