मीटरच्या काचेवरचे दोन ठिपके

चांगुणा, माझी बायको, गेल्याचं मला रेवसच्या धक्क्यावर कळलं. मी अलिबागची मोटार घेऊन बोटीच्या उतारूंची वाट बघत होतो. मुंबईच्या इस्पितळात तिच्यापाशी तिचा भाऊ होता. तो उतरला, हातात तिचं गाठोडं. ते घेऊन मी पुढच्या जागेवर ठेवलं. उतारू भरले, अलिबागला सोडले, मग घरी गेलो. गावात अजून बोलतात, तिला रेवसला नेताना म्हाताऱ्यानं मोटार हाणली असती तर सकाळची बोट मिळाली असती, बायको वाचली असती. तोंडावर कुणी म्हणत नाही. म्हणून चार यत्ता शिकलेला मी हे लिहितोय.

आम्ही दोघं थळचे कोळी. पण मला होडीत ओकाऱ्या व्हायच्या, म्हणून मोटारीवर गेलो. चांगुणा चारचौघींत म्हणायची, "आमच्या मालकांना दर्या लागतो, म्हणून जमिनीवर सोडलंय." ज्यांच्याकडं चाकरीला होतो त्या शेटनी एका रांगेत सहा सिलिंडरची मोटार आणली, तेव्हा मी खूश झालो. इंजिन असं फिरायचं की बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवावा. पण पहिल्याच हंगामात आतला लांब दांडा, क्रँक म्हणतात तो, मोडला. शेट म्हणाले, "तू फार पळवतोस." हुकूम झाला, काटा पस्तीस मैलांच्या वर न्यायचा नाही. शपथेवर सांगतो, नेला नाही. पस्तिसावर धरून चालवली, तर वर्षाच्या आत दुसरा दांडा मोडला. शेट म्हणाले, "तिसरा मोडला तर चावी ठेव आणि जाळी विणायला जा."

चांगुणा मासळीची पाटी घेऊन माझ्याच मोटारीत पुढं बसायची, तिकीट काढून. एके दिवशी तिनं समोरच्या फळीवर तळवा ठेवला तो उचललाच नाही.

"अवो, ही थरथरते."

"रस्ता खराब हाय."

"रस्त्याचा दणका मला कळतो. ही आतून थरथरते. जरा पळवा बरं."

शेटचा हुकूम मोडून चाळिसावर गेलो, थरथर गेली. तिसावर आलो, तिथंही नाही. मधेच होती, जिथं आम्ही शहाण्यासारखे धरून बसलो होतो. ती म्हणाली, "खाडीच्या तोंडाशी लाट फुटते, तिथं होडी कोन उभी करतं का? येकतर अलीकडं ऱ्हायचं, न्हायतर झटक्यात पलीकडं." दुसऱ्या दिवशी कुंकवाचा करंडा घेऊनच आली. मीटरच्या काचेवर दोन बारीक ठिपके लावले, एक बत्तिसाला, एक अडतिसाला. मधे रेंगाळायचं नाही. पलीकडं जायचं तर आधी तेलाच्या दाबाचा काटा बघायचा, तो पडलेला असेल तर अलीकडंच; तेलाविना पळवली की दांडा जातो. तिसरा दांडा आजवर मोडला नाही. शेट नव्या ड्रायव्हरांना ही स्वतःची युक्ती म्हणून सांगायचे. दर दसऱ्याला मोटारीची पूजा झाली की ती ठिपके ताजे करायची.

त्या दिवशी तिच्या पोटात कळ होती, दोन दिवसांची; सकाळच्या बोटीनं मुंबईच्या इस्पितळात पाठवायची होती. मागं चौदा माणसं. निम्म्या वाटेत तेलाचा काटा पडायला लागला. माझा पाय दाबायला निघाला होता, खोटं कशाला बोलू. तिनं डोळे उघडून काचेकडं बघितलं. तळवा फळीवर होताच. "अलीकडंच ऱ्हावा," म्हणाली. "बोट काय, दुसरी येल. मागं लेकरंबाळं हायत." मी अलीकडं राहिलो. धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट पाण्यात लांब गेली होती. दुसरी दुपारी मिळाली. तिसऱ्या दिवशी ती गेली. सकाळच्या बोटीनं वाचली असती का, ते डॉक्टरला सांगता आलं नाही, मलाही येत नाही. दांडा वाटेत मोडला असता तर दुपारचीही बोट चुकली असती, एवढं ठाऊक आहे. सांगितलं तिनं, पण पाय माझा होता.

परवा दसरा झाला. मोटार धुतली, हार घातला. ठिपके पुसट झाले होते. घरी जाऊन तिचा करंडा आणला... बोटानं लावायला गेलो तर माझं बोट जाड, दोहोंचा एकच फराटा झाला. पुसला. आगपेटीतली काडी घेतली आणि ती लावायची तेवढेच बारीक लावले.

पुढच्या जागेवर एक नवा उतारू बसला होता. म्हणाला, "मामा, काचेला कुंकू कशाला?"

"आमच्या घरातनं हुकूम हाय," म्हटलं.

काटा बत्तिसाला आला. तेल बघितलं, ठीक होतं. पाय दाबला.